पुस्तक बाहेर गेले आहे

देवळाविषयी सहसा कोणी तक्रार करीत नाही आणि सरकारी कचेरीविषयी सहसा कोणी चांगले बोलत नाही. त्यामुळे या दोन्ही ठिकाणांहून परतलेल्या माणसाला 'काय झालं?' असे विचारण्यात फारशी गंमत नसते. सार्वजनिक वाचनालयाचे तसे नाही. एकाच घरातली दोन माणसे एकाच संध्याकाळी एकाच वाचनालयातून परत येतात; एकाचा चेहरा वसुली करून आलेल्या सावकारासारखा असतो आणि दुसरा हात हलवीत परतलेला असतो.

आमच्या घरात हे आठवड्यातून एकदा तरी घडते. वहिनी आल्या की पिशवीतून पुस्तक काढतात, पदराने त्यावरची धूळ पुसतात आणि भाजीच्या आधी ते जागेवर ठेवतात. दादा मात्र चपला काढता काढताच ओरडतो, "बाहेर गेलंय!" त्याला हवे असलेले पुस्तक तीन तीन महिने बाहेर गेलेले असते. कोठे गेले, कोणाकडे गेले, केव्हा येणार, याचा पत्ता खिडकीवर लागत नाही. रागावून घर सोडून गेलेल्या मुलाविषयी घरचे लोक जसे जपून आणि त्रोटक बोलतात, तसेच खिडकीतले गृहस्थ त्या पुस्तकाविषयी बोलतात.

'पुस्तक बाहेर गेले आहे' हे चार शब्द आपल्या वाचनालयांच्या खिडक्यांतून किती वेळा उच्चारले गेले असतील, याची गणती नाही. ऐकणाऱ्याला ते नकारासारखे वाटतात. पण मला पुष्कळदा वाटते, की यापेक्षा चांगली बातमी वाचनालय आपल्याला देऊच शकत नाही. पुस्तक बाहेर गेले आहे, याचा अर्थ या घटकेला या शहरात कोणीतरी ते वाचीत आहे. दादाला मी हे एकदा सांगून पाहिले. तो म्हणाला, "वाचत नसेल. पापडाच्या पिठावर दाबून ठेवलं असेल."

हे वाचनालय कोणते, ते मी सांगणार नाही. त्याच्याविषयी चार कडू गोष्टी पुढे येणार आहेत, हे एक कारण. आणि नाव न सांगितले तरी ते तुम्ही ओळखाल, हे दुसरे. तुमच्या शहरातलेही असेच असणार. दारापाशी देणगीदारांची नावे कोरलेली संगमरवरी पाटी, आत माजी अध्यक्षांच्या तसबिरी, पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळ आणि 'शांतता राखा' असे बजावणारा फलक. त्या फलकाच्या बरोबर खाली एक पंखा आहे. तो सुरू झाला, की त्याच्याइतका आवाज कोणा वाचकाला ठरवूनही करता येणार नाही.

ही वाचनालये कोणा राजाने किंवा सरकारने आयती बांधून दिलेली नाहीत, हे आपण विसरतो. आपल्याकडे १८२८ साली रत्नागिरीला वाचनालय निघाले, १८४८ साली पुण्याला निघाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली सुरू झाले. कोणी आपल्या घरातली पुस्तके दिली, कोणी वर्गणी दिली, कोणी कपाट दिले. अशा रीतीने, सार्वजनिक गणपतीचा मांडव उभा राहतो तशी ही घरे उभी राहिली. फरक इतकाच, की हा मांडव कोणी सोडला नाही.

आत कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी मुंबईत एक विद्वत्सभा स्थापन केली; तीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली. टाउन हॉलच्या त्या भव्य पायऱ्यांवर आज कोणीही जाऊन बसतो. पण तिथे पहिला हिंदी सभासद, माणेकजी करसेटजी, घेतला गेला तो १८४० साली. म्हणजे ज्या देशाचा अभ्यास करायचा, त्या देशाच्या माणसाला आत यायला छत्तीस वर्षे थांबावे लागले. उलट बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले आणि राज्यभर मोफत वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. बायकांसाठी वेगळा विभाग, मुलांसाठी वेगळा विभाग आणि खेड्यापाड्यांत पुस्तके भरून पाठवलेल्या पेट्या! वाचक येत नसेल, तर पुस्तकानेच त्याच्या दारी जावे, हा विचार त्या काळी या देशात नवाच होता.

पुढे महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागले. ग्रंथालयांसाठी म्हणून वेगळा कर मात्र त्या कायद्याने बसवला नाही. त्यामुळे अनुदानाची वाट पाहणे आणि वर्गणीदारांची मनधरणी करणे, या दोन काठ्यांवर आमचे वाचनालय अजून चालते. वाचकांच्या निम्म्या तक्रारींचे मूळ येथे आहे. पंखा बदलायला पैसे नसतात, कपाटांना वाळवीचे औषध मारायला पैसे नसतात, आणि तीन माणसांचे काम एकाच माणसाकडे असते. राहिलेल्या निम्म्या तक्रारींचे मूळ मात्र पैशात नसते. ते माणसांत असते.

खिडकीशेजारी एका खिळ्याला सुतळीने बांधलेली सूचना-वही आहे. वाचनालयातले सर्वांत वाचनीय पुस्तक तेच, असे माझे मत आहे. शिवाय ते कधी बाहेर जात नाही. एकाने लिहिले आहे, की वाचनालय रात्री आठला बंद होते ते नऊपर्यंत उघडे ठेवावे. त्याच्याखाली दुसऱ्याने लिहिले आहे, की आठपर्यंत उघडे असते असे म्हणणाऱ्याने पावणेआठला येऊन दाखवावे. एका सद्गृहस्थांना कादंबऱ्या फार झाल्या असे वाटते. पुढच्याच पानावर एका बाई नव्या कादंबऱ्या मुळीच येत नाहीत म्हणून खंत करतात. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणाऱ्या इसमास शोधून काढावे, अशीही एक कळकळीची विनंती आहे. आणि मधेच एका पानावर, पोराबाळांच्या गिरमिटलेल्या अक्षरात, 'इथे खूप छान वाटते' एवढेच लिहिले आहे. त्या पानावर कार्यवाहांची सही नाही. तक्रारीवर सही करावी लागते, समाधानावर कोण करतो?

त्या वहीत वहिनींची एक सूचना सात वेळा आहे. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, ते करावे. आम्हा पुरुषांना वर्षानुवर्षे वाटत आले, की बायकांना वाचनालयात बसण्याची आवडच नाही. त्या येतात, पुस्तक बदलतात आणि निघून जातात. आवडीचा प्रश्नच नव्हता. बायकांसाठी ठेवलेले टेबल दाराच्या तोंडाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखाली. आणि दोन तास बसायचे म्हटले तर सोय नाही. अशा ठिकाणी कोण बसेल? २०१८ साली ते स्वच्छतागृह झाले, टेबल आतल्या खिडकीकडे गेले आणि महिन्याभरात तिथल्या खुर्च्या कमी पडू लागल्या. वहिनींनी वहीत आठवी नोंद केली ती दोन खुर्च्या वाढवण्याविषयी. आभाराची नोंद का केली नाहीत, असे मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "भावजी, स्वयंपाकघरात नळ आला म्हणून कुणी नगरपालिकेला हार घालतं का?"

आता खिडकीतल्या माणसांविषयी. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. वाचकाने स्वतः कपाटांमधून हिंडून पुस्तक निवडावे, अशा मताचे ते होते. आमच्याकडे कपाटे वाचकांना बंद आहेत. चिठ्ठीवर नाव आणि क्रमांक लिहून द्यायचा आणि थांबायचे. त्यामुळे तुमचा अनुभव कसा येणार, हे त्या दिवशी खिडकीत कोण आहे यावर ठरते.

एकदा माझ्यासमोर एक तरुण आला. बाहेरगावाहून, मिळेल ती गाडी पकडून आलेला. त्याच्या गावाविषयी जुन्या मासिकांत काही छापून आले होते, ते त्याला पाहायचे होते. खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "सभासद आहात?" नव्हता. "पत्र आणलंय?" कसले पत्र, हे त्याला ठाऊक नव्हते. "मग कार्यवाहांना भेटा. ते गुरुवारी येतात." त्या दिवशी शनिवार होता. तो तरुण पायऱ्यांवर थोडा वेळ बसला, डब्यातली पोळी-भाजी खाल्ली आणि गेला. ती मासिके खिडकीपासून पन्नास पावलांवर होती. त्याच्यापुरते आमचे वाचनालय म्हणजे एक बंद खिडकी. त्याने गावी जाऊन तसे सांगितले असेल, तर त्यात खोटे काही नाही.

आणि याच खिडकीत, दुसऱ्या पाळीला, एक बाई असतात. त्यांच्यासमोर एके संध्याकाळी एक म्हातारी येऊन उभी राहिली.

"मला ते पुस्तक दे गं, ज्यात शेवटी सून माहेरी निघून जाते."

"आजी, तशी पुष्कळ आहेत. लेखक कोण?"

"ते कुठलं आठवायला? हिरवं होतं. पाठीमागे चहाचा डाग होता."

रांगेतले आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या आणि पाच मिनिटांत हिरव्या बांधणीचे एक पुस्तक घेऊन आल्या. आजींनी ते उलटे करून डाग पाहिला, त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हेच. माझ्याच हातून सांडला होता, यांच्या आजारपणात." मग त्या पुस्तक घेऊन गेल्या. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गीकरणात चहाच्या डागाला क्रमांक नाही. पण त्या बाईंच्या डोक्यात तो होता. आणि आजींच्या दृष्टीने त्या वाचनालयासारखे वाचनालय पृथ्वीच्या पाठीवर नाही.

मग खरे वाचनालय कोणते? त्या तरुणाचे की आजींचे? मला वाटते, दोघांचेही. आणि जो एकाचीच गोष्ट सांगतो, तो अर्धेच सांगतो.

हा प्रश्न आमच्यापुढे नुसता गप्पांचा राहिला नाही. २०२० साली टाळेबंदीत वाचनालय कित्येक महिने बंद राहिले. उघडले तेव्हा पुष्कळ जुने सभासद परत आले नाहीत. काहींना मोबाईलवर वाचायची सवय लागली होती, काही मुलांकडे राहायला गेले होते आणि काही या जगातच नव्हते. वर्गणी आटली. तेव्हा २०२३ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे कार्यकारी मंडळाने एक ठराव आणला. तळमजल्यावरचे मोफत वाचनदालन रिकामे करून तिथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी पैसे भरून बसायची अभ्यासिका काढावी आणि वृत्तपत्रे जिन्याखालच्या बाकावर ठेवावीत, असा तो ठराव होता.

ठराव काही दुष्टपणाचा नव्हता. ते विद्यार्थी मी रोज पाहतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, तिथे पुस्तक उघडायचे म्हटले तर ते कोणाच्या तरी पायावर उघडावे लागते. अशी मुले सकाळी सातला पायऱ्यांवर येऊन बसतात आणि दार उघडले, की रेल्वेच्या डब्यात घुसावे तशी आत घुसतात. ती वाचनालयातले एकही पुस्तक मागत नाहीत. त्यांना हवे असते टेबल, दिवा आणि आईच्या हाकेपासून थोडे अंतर. त्यांना ते मिळायलाच हवे. शिवाय त्यांच्या पैशांतून खिडकीतल्या बाईंचा पगार वेळेवर होणार होता.

पण मोफत दालनात बसणाऱ्यांचे काय? तिथे रात्रपाळी करून आलेला एक पहारेकरी सकाळी वर्तमानपत्र उघडतो. पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर जाता जाता त्याला डुलकी लागते. तरी मी त्याला अग्रलेख पुरा केल्याशिवाय उठताना पाहिलेले नाही. दुपारी दोन घरांच्या स्वयंपाकाच्या मधल्या तासात एक बाई येतात, बालविभागातली गोष्टींची पुस्तके मागून घेतात आणि ओठ हलवीत, अक्षराला अक्षर लावीत वाचतात. मुलांची पुस्तके का, असे कोणी विचारीत नाही. यांच्यापैकी कोणी सभासद नाही, त्यामुळे सभेत यांच्यापैकी कोणाला मत नव्हते.

सभेत एक गृहस्थ म्हणाले, "तिथे लोक वाचायला येतात कुठे? झोपायला येतात!" बऱ्याच माना डोलल्या. ठराव आता संमत होणार, असे दिसत असतानाच आमचा दादा उभा राहिला. मला वाटले, आता पंखा, घड्याळ आणि तीन महिन्यांची तक्रार ऐकावी लागणार.

"अध्यक्षमहाराज," दादा म्हणाला, "या वाचनालयाबद्दल माझ्याइतक्या तक्रारी या सभागृहात कुणाच्याच नसतील. त्या वहीत मोजून पाहा. पण मी तक्रार करू शकतो, कारण मी वर्गणी भरतो. जे खाली बसतात, त्यांना वर्गणी भरता येत नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही. या शहरात चहाचा कप विकत न घेता माणसाला दोन तास सावलीत बसता येईल, अशी जागा मला दुसरी दाखवा. मी ठरावाला हात वर करतो. आणि झोपेचं म्हणाल, तर इथे बसून डुलक्या काढणारे माझे चार मित्र मी नावानिशी सांगतो. ते सभासद आहेत, एवढाच फरक!"

हशा झाला. हशा झाला, की सभेतला राग निम्मा उतरतो. मग दोन तास चर्चा झाली, चहा झाला, आणि शेवटी वरच्या मजल्यावरची जुन्या मासिकांची खोली अभ्यासिकेला द्यावी, तळमजला आहे तसा ठेवावा, असे ठरले. बांधीव मासिके उचलून मागच्या बोळातल्या कपाटांत नेली.

तेव्हा सगळे गोड झाले, असे मात्र नाही. त्या बोळात पावसाळ्यात ओल येते. जुनी मासिके पाहायला येणाऱ्या एका प्राध्यापकांनी सूचना-वहीत दीड पान भरून लिहिले आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. बाहेरगावचा तो तरुण पुन्हा आला, तर त्याला पन्नास पावलांऐवजी सत्तर पावले जावे लागेल. कपाटाच्या किल्लीसाठी गुरुवारची वाट पाहायची ती वेगळीच. एकाला जागा करून देताना दुसऱ्याला सरकावे लागते, ही गोष्ट लोकलच्या बाकावर जितकी खरी, तितकीच वाचनालयातही. सरकणाऱ्याने कुरकुर केली, तर ती कोणीतरी लिहून घेतली पाहिजे, एवढेच. यंदा बोळाच्या छपरासाठी वर्गणी काढली आहे. यादीत पहिले नाव त्या प्राध्यापकांचे आहे.

दिवाळी आली, की आमच्या वाचनालयाला वर्षातले खरे उधाण येते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात एक पदार्थ वाढला. सगळे अंक विकत घेणे कोणाला परवडते? म्हणून वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी योजना काढतात. थोडे जादा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने एकामागून एक अंक घरी न्यायचे. या दिवसांत रांग पायऱ्यांपर्यंत जाते, न भांडणारी माणसेही भांडतात आणि 'बाहेर गेलाय' हे शब्द दिवसभर कानांवर पडत राहतात.

तेव्हा वाचकहो, हा अंक तुमच्या हाती नवाकोरा, उटण्याच्या दिवशीच आला असेल, तर तुम्ही भाग्यवान आहात. पण तो फाल्गुनात, मुखपृष्ठ चिकटपट्टीने सांधलेले, मधल्या पानांत चकलीचे तेल उतरलेले, अशा अवस्थेत आला असेल, तरी तो टाकू नका. तेवढ्या घरांचा पाहुणचार घेऊन तो तुमच्याकडे आला आहे. शब्दकोडे मात्र आधीच कोणीतरी सोडवलेले असेल; आणि तेही चुकीचे, शाईने. तसे असेल, तर सूचना-वही खिडकीशेजारी आहे.